सुपातले सात ग्रंथ

फार फार पूर्वी, नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एक राज्य होतं. त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. पण त्याच्या बंदरावर उभं राहिलं की एका श्वासात दहा भाषा कानावर पडत, एवढं मात्र लोक अजून सांगतात. दोरखंडवाला एका भाषेत ओरडे, खलाशी दुसऱ्या भाषेत उलट बोले, आणि दोघांचं भांडण तिसऱ्याच भाषेत मिटे.

तिथल्या राणीला भाषांचं मोठं कौतुक. तिने बंदराजवळ एक दालन बांधलं. दालनात एकच फडताळ होतं, आणि फडताळात सात ग्रंथांपुरतीच जागा.

"जगातल्या भाषांची ओळख करून देणारे सात ग्रंथ इथे राहतील," राणी म्हणाली. "ज्याला भाषांचा नाद आहे त्याने यावं आणि उघडून वाचावं. नावाडी असो की नगरशेठ."

"सातच का, राणीसाहेब?" दरबारात कुणीतरी विचारलं.

"सातशे ठेवले तर लोक नुसती कपाटं बघून परत जातात. सात ठेवले तर एखादा तरी उघडतात."

ग्रंथ निवडायचं काम सुरंगीकडे आलं. सुरंगी तरुण होती, विद्यापीठातून नुकतीच शिकून आली होती, आणि तिला कुठलीही गोष्ट उद्यावर टाकलेली खपत नसे. भर सभेत तिने म्हटलं होतं, "आपल्या राज्यात ग्रंथ नाहीत, ओझी आहेत. कुणी वाचत नाही, नुसती वाहून नेतात." राणीने ते ऐकलं होतं. राणी हसून म्हणाली, "बोललीस ना? मग आता तूच निवड. येत्या पौर्णिमेपर्यंत."

पौर्णिमेची मुदत उगीच नव्हती. शहराच्या विहिरींना खारं पाणी लागे. गोडं पाणी यायचं ते वर डोंगरातल्या तळ्यातून, पाटाने. तळं होतं डोंगरातल्या लोकांचं. दर बारा वर्षांनी त्यांची प्रमुख खाली उतरे. तिला सगळे थोरली म्हणत. ती आली की पाण्याचा करार पुन्हा बोलला जाई. लिहिला जात नसे, फक्त बोलला जाई. आणि त्यांचा एक रिवाज होता. ज्याला पाणी हवं त्याने स्वतःच्या तोंडाने, त्यांच्या भाषेत मागायचं. दुभाष्याचा शब्द थोरली धरत नसे. म्हणे, उसन्या तोंडाने तहान सांगता येत नाही.

ती भाषा शिकवू शकेल असा एकच म्हातारा मंत्री होता, आणि तो गेल्या वर्षी वारला. आता या वेळी राणीला पहिल्यांदाच बोलायचं होतं, आणि तेही ग्रंथातून शिकून. सुरंगीने चुकीचा ग्रंथ निवडला तर पाटाचं दार बंद होणार होतं.

दवंडी पिटली, आणि ग्रंथ येऊ लागले. उंटावरून आले, गलबतातून आले, काही तर पालखीतून आले.

सगळ्यांत मोठा ग्रंथ होता राजपंडितांचा. 'सकलवाणीसम्राट' असं त्याचं नाव. तो उचलायला चार भोई लागले. त्यात तीनशे भाषा होत्या. प्रत्येक पानावर उभ्या ओळीत शब्द, समोर अर्थ. कुठे डाग नाही, कुठे खाडाखोड नाही, कुठे शंका नाही. राजपंडितांनी तो तीस वर्षं खपून लिहिला होता, हेही खरंच होतं.

सगळ्यांत लहान होतं एका कासारणीचं बाड. ही बाई चाळीस वर्षं डोंगरातल्या गावोगावी बांगड्या भरत फिरली होती. बायकांचे हात हातात घेऊन बसायची, गप्पा ऐकायची, आणि मुक्कामाला परतली की शब्द टिपून ठेवायची. ती वारल्यावर तिच्या सुनेने ते बाड आणून दिलं. पानांना तेलाचे डाग पडले होते. भाषा एकच, डोंगरातली. आणि पानोपानी असं काहीबाही: 'हा शब्द वरच्या वाडीतल्या आंधळ्या आजीने सांगितला. खालच्या वाडीत वेगळा म्हणतात.' 'याचा अर्थ मला नीट कळला नाही.' 'इथे मी चुकले होते, पुढचं पान बघा.'

सुरंगी ते चाळून मोठ्याने हसली. "जिला कळलं नाही तिने लिहावं कशाला?" असं म्हणून तिने ते बाड खिडकीच्या दाराला अटकाव म्हणून लावलं, म्हणजे वाऱ्याने दार आपटणार नाही.

तिसऱ्या दिवशी तिचे सात ग्रंथ निवडून झाले. सातही जाडजूड, आणि सगळ्यांत वर 'सकलवाणीसम्राट'. पौर्णिमेला अजून बारा दिवस होते. सुरंगीला स्वतःचंच कौतुक वाटलं. ती धावत आईकडे गेली.

सुरंगीची आई राणीच्या कोठारात धान्य निवडायच्या कामावर होती. ती मूळची दूरच्या किनाऱ्यावरची, मिठागरांच्या काठची. तिची भाषा वेगळी होती. या शहरात ती बोलणारी माणसं पाच-दहा असतील नसतील. सुरंगी लहान असताना तीच भाषा बोलायची. विद्यापीठात गेली आणि आईच्या त्या बोलण्याला दरबारी भाषेत उत्तर द्यायला लागली. आईने त्यावर कधी काही म्हटलं नाही.

"झालं माझं निवडून!" सुरंगी दारातूनच म्हणाली. "तीन दिवसांत!"

आई सूप घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तीन दिवसांत? बाय माझी. मला एवढ्याशा सुपाला सकाळ पुरत नाही."

"अगं आई, तुझं वेगळं. मी सगळ्यांत चांगले सात उचलले."

आईचा हात थांबला. "उचललेस? निवडताना कुणी तांदूळ उचलतं का गं, सुरंगे? तांदूळ असतात तिथेच राहतात. उचलायचे असतात ते खडे."

सुरंगीने मान उडवली. "त्या ग्रंथात खडे नाहीतच मुळी. तीनशे भाषा आहेत त्यात! तुझीसुद्धा असेल."

"माझी?" आई पहिल्यांदा वर बघून हसली. "मग वाचून दाखव की. मला वाचता येत नाही, पण ऐकता येतं."

सुरंगीला तोवर हे सुचलंच नव्हतं. तिने ग्रंथ तपासले होते ते थोर भाषांवरून, ज्या ती स्वतःही पुस्तकांतूनच शिकली होती. आईचं बोलणं ही एक भाषा आहे, ती तपासून बघावी, असं तिच्या मनातच आलं नाही. ते घरचं होतं, चुलीजवळचं. ते कोण ग्रंथात शोधतं?

तिने आईचा हात धरून तिला दालनात नेलं. 'मिठागरी बोली' हे पान निघालं. सुरंगी वाचू लागली.

"समुद्र. पेळूमाय."

आईने पदर तोंडाला लावला.

"काय झालं? बरोबर नाही का? थांब, पुढचा. वाळू. आंदोळे."

आईचे खांदे हलायला लागले.

"मीठ. शिवकाबू."

आता मात्र आई जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं, पेळूमाय म्हणजे समुद्र नाही! पेळूमाय म्हणजे, 'उन्हात उभा राहू नकोस रे बाबा.' आंदोळे म्हणजे, 'आत ये.' आणि शिवकाबू म्हणजे, 'घोटभर पाणी तरी पी.'"

सुरंगीला सगळं चित्र डोळ्यांसमोर दिसलं. भर दुपारी एक परका माणूस मिठागरावर उभा आहे, समुद्राकडे बोट दाखवून विचारतो आहे. झोपडीतली बाई त्याला सावलीला बोलावते आहे. आणि तो पठ्ठ्या उन्हात उभा राहून तिची माया समुद्राच्या, वाळूच्या, मिठाच्या नावापुढे लिहून घेतो आहे.

सुरंगी हसली, आणि हसता हसता तिला घाम फुटला. तीनशे भाषांपैकी जी एकच भाषा तिला दुधाबरोबर मिळाली होती, तिच्या एका पानावर तीन ओळींत तीन खडे. मग उरलेली पानं कुणाच्या भरवशावर घ्यायची? डोंगरातल्या भाषेच्या पानावर काय असेल? आणि राणी तेच पाठ करत असेल तर?

"आई," ती हळूच म्हणाली, आणि किती वर्षांनी मिठागरी बोलीत म्हणाली, "मी तांदूळ उचलत बसले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बंदरावर स्वतः दवंडी दिली: ज्याला जी भाषा घरची, त्याने येऊन ग्रंथात तीच उघडावी आणि खडा सापडला तर सांगावा.

माणसं आली. दोरखंडवाला आला, विणकर आले, उंटवाले आले, गलबतांवरचे आचारी आले. दालनात एवढा कल्ला झाला की पहारेकऱ्यांना वाटलं दंगल झाली.

"ए बाई, यात माझ्या भाषेत जावयाला 'चोर' लिहिलंय!"

"मग बरोबरच आहे की!" मागून दुसरा ओरडला.

राजपंडित दारात येऊन उभे राहिले. त्यांना हे सगळं बघवेना. "मुली, ग्रंथाची परीक्षा हमाल आणि आचारी घेणार का? त्यांना व्याकरण तरी येतं का?"

"नाही येत, पंडितजी," सुरंगी म्हणाली. "पण त्यांना त्यांची आई येते."

एकेक ग्रंथ सुपात पडल्यासारखा त्या माणसांतून फिरला. सातपैकी सहा जाडजूड ग्रंथ टिकले नाहीत. त्यांच्या जागी भलतेच पुढे आले. एका तांडेलाने बारा बंदरांतले शब्द लिहिले होते, आणि प्रत्येक शब्दाला सांगणाऱ्याचं नाव. कुठल्या भाषा कुठे बोलतात याच्या नकाशांचा एक ग्रंथ होता, त्यात मोठाल्या जागा कोऱ्या ठेवून लिहिलं होतं, 'इथे मी गेलो नाही.' सुरंगीने आधी त्याला अर्धवट म्हणून टाकून दिलं होतं. आता तिला ती कोरी जागा बघून धीर आला. ज्याने कोरं ठेवलं, त्याने भरलं ते बघूनच भरलं असणार.

संध्याकाळी डोंगरातली एक म्हातारी मध विकायला आली. तिने 'सकलवाणीसम्राट'मधला डोंगरी भाग ऐकला आणि मान हलवत राहिली, हो म्हणून नव्हे, नाही म्हणून. सुरंगीने खिडकीकडे पाहिलं. दार अजून कासारणीच्या बाडाला टेकलं होतं. तिने ते काढलं, धूळ झटकली आणि वाचायला सुरुवात केली.

म्हातारी जवळ सरकली. मग आणखी जवळ. "हे आमच्या आंधळ्या आजीचं बोलणं आहे," ती म्हणाली. "ही बांगडीवाली मला आठवते. फार प्रश्न विचारायची. बांगडी चढवताना विचारायची, म्हणजे हात सोडवून पळता येत नसे!"

अख्ख्या बाडात म्हातारीला दोन चुका सापडल्या. त्यांतल्या एकीपाशी कासारणीने आधीच लिहून ठेवलं होतं, 'इथे खात्री नाही.'

"आजी, मग तुम्हीच राणीसाहेबांना करार शिकवा ना," सुरंगी म्हणाली.

"मी मधाचं बोलते, बाळे. कराराचे शब्द थोरलीलाच ठाऊक. आम्हालाही ते बोलायची मनाई आहे."

बाडातल्या एका पानावर सुरंगी थबकली. कासारणीने लिहिलं होतं: 'या लोकांत तेमू आणि तेलू असे दोन शब्द आहेत. तेमू म्हणजे आम्ही, समोरच्याला सोडून. तेलू म्हणजे आपण, समोरच्याला धरून. एकदा मी जेवताना तेमू म्हटलं. माझ्यापुढचं पान उचललं गेलं.'

सुरंगीने 'सकलवाणीसम्राट' उघडला. तिथे एकच शब्द होता, तेमू. चूक कशी झाली ते तिच्या लगेच लक्षात आलं. आपण घरात बोलताना 'आम्ही निघालो' आणि 'आपण निघालो' यांत कधी गल्लत करत नाही. पहिल्यात पाहुणा मागे राहतो, दुसऱ्यात तो बरोबर येतो. राजपंडितही घरी हा फरक करत असणार. पण ग्रंथ त्यांनी दरबारी भाषेत लिहिला, आणि दरबारी भाषेत दोन्हींना मिळून एकच शब्द होता. घरची भाषा त्यांनीही चुलीजवळच ठेवली होती.

ती धावत राणीकडे गेली. राजपंडित तिथेच होते. राणीने दोघांचं ऐकून घेतलं. एका बाजूला तीस वर्षांचा, मखमलीत बांधलेला ग्रंथ. दुसऱ्या बाजूला खिडकीला टेकून ठेवलेलं तेलकट बाड.

"ज्या बाडावर पानोपानी 'मला कळलं नाही' लिहिलंय," राजपंडित म्हणाले, "त्याच्या भरवशावर शहराचं पाणी टाकणार का, महाराणी?"

"पाणी मागायचं वाक्य मी पंडितजींच्या ग्रंथातून पाठ केलं आहे," राणी सुरंगीला म्हणाली. "पहिलं तेच म्हणेन. तू बाड घेऊन जवळ थांब."

सुरंगी पाय आपटत बाहेर पडली. पण थांबायला सांगितलं तिथे ती थांबली.

पौर्णिमेच्या सकाळी थोरली आली. वाळलेल्या वेलीसारखी बारीक म्हातारी, हातात पाण्याने भरलेला भोपळा. सगळं शहर पाटाच्या काठावर जमलं होतं. राणी पुढे झाली आणि तिने पाठ केलेलं वाक्य स्पष्ट म्हटलं:

"इळी तेमू."

राणीच्या मनात होतं, 'हे पाणी आपलं सगळ्यांचं.' थोरलीने ऐकलं ते, 'हे पाणी आमचं, तुमचं नव्हे.'

थोरलीने भोपळ्यातलं पाणी जमिनीवर ओतलं आणि पाठ फिरवली. तिच्याबरोबरची माणसं पाटाच्या दाराकडे निघाली.

राजपंडित पांढरे पडले. राणीने मागे वळून सुरंगीकडे पाहिलं. सुरंगीने बाड उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. राणीने वाचलं, आणि मग तिने एक गोष्ट केली, जी फार थोड्या राण्यांना जमते. सगळ्या शहरासमोर ती धावत थोरलीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"तेमू नाही. मी चुकले. तेलू. इळी तेलू."

थोरली थांबली. तिने राणीकडे निरखून पाहिलं आणि आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक विचारलं. ते कराराचे शब्द होते.

सुरंगीने भराभर पानं उलटली. करार, करार... सापडलं. कासारणीने तिथे एवढंच लिहिलं होतं: 'पाणी देताना ते काय बोलतात ते मला कुणी सांगितलं नाही. माहीत नसेल तर विचारावं. विचारलेलं त्यांना आवडतं. विचारायचं असं.' आणि खाली एक वाक्य.

राणीने ते डोंगरी वाक्य वाचलं. त्याचा अर्थ होता: "मला येत नाही. तुम्ही शिकवाल का?"

थोरलीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हलल्या. तिने राणीचा हात धरून तिला पाटाच्या काठावर बसवलं, आणि एकेक शब्द तिच्याकडून म्हणवून घेतला. राणी अडखळे, थोरली हसे, पुन्हा म्हणायला लावी. दुपार झाली तेव्हा करार बोलून झाला होता. भोपळा पुन्हा भरला, आणि पुढच्या बारा वर्षांचं पाणी पाटातून खळखळत शहरात शिरलं.

दुसऱ्या दिवशी राणी फडताळ बघायला गेली. आत पाचच ग्रंथ होते. मधोमध कासारणीचं बाड.

"दोन जागा रिकाम्या का?"

"अजून निवडून झालं नाही, राणीसाहेब," सुरंगी म्हणाली. मुदत टळली म्हणून तिला मुळीच लाज वाटली नाही.

"आणि पंडितजींचा ग्रंथ? जाळायचा का?"

"जाळायचा कशाला? तीस वर्षांचे तांदूळ आहेत त्यात. खडे काढायचे राहिलेत. तो दाराशी ठेवू. जो येईल त्याने आपली घरची भाषा उघडावी, आणि चुकलेलं असेल ते समासात लिहावं, नावानिशी."

राजपंडित आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. मग एका दुपारी ते मिठागरी बोलीचं पान हातात घेऊन कोठारापाशी आले. आई बाहेर सावलीत सूप घेऊन बसली होती. पंडित उन्हातच उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "माझ्या तरुणपणी मी तुमच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथल्या एका बाईने मला काहीतरी सांगितलं. मी ते लिहून घेतलं, पण ऐकलं नाही. या पहिल्या शब्दाचा अर्थ काय?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. डोक्यावर रणरणतं ऊन, कपाळावर घाम. सूप बाजूला ठेवून ती सरकली आणि सावलीत त्यांच्यासाठी जागा केली.

"पेळूमाय," ती म्हणाली.

तीस वर्षांनी पंडितांना तो शब्द कळला. ते सावलीत येऊन बसले आणि त्यांनी लेखणी काढली.

या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते इतकंच: ग्रंथाची पारख आपल्या घरच्या शब्दापासून करावी, आणि 'मला माहीत नाही' असं लिहायला जो लाजत नाही त्याच्यावरच विश्वास ठेवावा.